शिट्टी आणि शांतता

महोत्सवातला प्रेक्षक ओळखायला वेळ लागत नाही. गळ्यात ओळखपत्र, हातात वेळापत्रक आणि चेहऱ्यावर गाडी चुकत असलेल्या माणसाची घाई. पुण्याच्या महोत्सवाला मी काही वर्षे नेमाने जात आलो आहे. तिथे लोक तास-तास रांगेत उभे राहतात, मित्रासाठी खुर्चीवर रुमाल टाकून ठेवतात, आणि एवढ्या खटपटीने मिळवलेली खुर्ची पंधरा मिनिटांत सोडून शेजारच्या पडद्याकडे धावतात! एका पासात सगळेच येत असल्यावर उठून जायला कुणाला काय वाटणार? आमच्या तालुक्याच्या टॉकीजमध्ये पदरचे पैसे मोजून आलेला माणूस, चित्रपट कितीही टुकार असो, शेवटपर्यंत बसतो. गप्प बसत नाही, इतकेच.

महोत्सवात सगळे गप्प. कुणाचा मोबाइल चमकला की चहूकडून ‘शुक् शुक्’ होते. शेवटची नामावली सरेपर्यंत बरेच जण जागचे हलत नाहीत. या शिस्तीची मी थट्टा करणार नाही. १९५२ साली मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला, तेव्हा ‘बायसिकल थीव्ह्‌ज’सारखे चित्रपट आपल्याकडच्या मंडळींनी पाहिले, बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ पुढच्याच वर्षी आला. पण याच मंडळींतले कुणी आमच्या टॉकीजच्या प्रेक्षकाला अडाणी म्हणाले, की मला राग येतो.

‘सैराट’चेच घ्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला आणि एप्रिलअखेर आपल्याकडे लागला. मी पाहिला तो आमच्या टॉकीजमध्ये. ‘झिंगाट’ सुरू झाले मात्र, पिटातली पोरे (आम्ही अजून पिटच म्हणतो) पडद्यापुढे जाऊन नाचू लागली. नाणी उधळली गेली, शिट्ट्यांनी कान किटले. बाल्कनीतल्या बायकाही पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मग शेवट आला. रक्ताने माखलेली इवली पावले दाराबाहेर उमटत जातात आणि पडद्यावर आवाज म्हणून उरत नाही. एरवी शेवटच्या मिनिटाला आमच्याकडे खुर्च्यांचा खडखडाट होतो. मोटारसायकली आधी काढायच्या असतात ना! त्या दिवशी एकही खुर्ची वाजली नाही. ही शांतता शिस्तीची नव्हती. शिस्त आमच्या मंडळींच्या गावीही नाही. जातीबाहेर लग्न केले म्हणून पोटच्या पोरीला मारणारे गाव बर्लिनच्या प्रेक्षकाला पडद्यावर भेटले असेल. इथे ते खुर्च्यांवर बसले होते. कुणाच्या घरात आर्ची होती, कुणाच्या घरात परशा, आणि आर्चीचा बाप तर कितीतरी घरांत.

माझ्या पुढच्या रांगेत एक बाप आणि त्याची कॉलेजात जाणारी मुलगी होती. गाण्याला दोघांनीही टाळ्यांचा ठेका धरला होता. दिवे लागले तरी बाप मान खाली घालून बसून राहिला. मुलगी कोऱ्या पडद्याकडे पाहत होती. बाहेर त्याने मोटारसायकल सुरू केली, आणि ती मागे बसली. मध्ये पर्स ठेवून.