नकाराचे पत्र

गेल्या नाताळात माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी सासरच्या मंडळींसह आमच्याकडे वसईला आली होती. ती एका बँकेत काउंटरवर काम करते. अधिकारीपदाच्या परीक्षेत ती उत्तीर्ण झाली होती. मात्र नेमणूक गुजरातमधील एका तालुक्याच्या गावी होणार होती. होकार की नकार, हे कळविण्यास आठ दिवस उरले होते. तिला चार वर्षांचा मुलगा आहे. जेवणे आटोपून सारे ओट्यावर बसले असता तिच्या सासूबाई मला म्हणाल्या, “ताई, आता तुम्हीच हिला समजवा. तुम्हीसुद्धा बँकेत होता. तुम्ही बढती नाकारलीत, म्हणूनच ना तुमचा संसार एवढा सुखाचा झाला?”

सारे माझ्याकडे पाहू लागले. “उद्या बोलू,” असे म्हणून मी वेळ मारून नेली. परंतु त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वी मी सही केलेल्या एका पत्राविषयी आजवर कुणाशीही मोकळेपणाने बोलले नव्हते.

माझी आई वाडीतली भाजी आणि केळी घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईला जात असे. चार इयत्तांपलीकडे ती शिकली नव्हती. तरी कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती येणे आहे, याचा हिशेब तिला तोंडपाठ असे. संध्याकाळी कनवटीचे पैसे ती वडिलांच्या हाती ठेवी आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीभाड्यासाठी त्यांतलेच काही मागून घेई. त्यात कुणालाच काही वावगे वाटत नसे, तिलाही नाही. मुलींच्या हाती मात्र टोपलीऐवजी लेखणी यावी, असा तिचा हट्ट होता.

तो हट्ट फळाला आला. १९६९ साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शाखा वाढल्या आणि आमच्यासारख्या मुलींना नोकरीची दारे उघडली. १९७४ साली मी लिपिक म्हणून रुजू झाले. पगारपत्रकात स्त्री आणि पुरुष असा भेद नव्हता. पहिला पगार आईच्या हाती ठेवला, तेव्हा तिने तो मोजला, पुन्हा माझ्या हाती दिला आणि म्हणाली, “हा तुझा तूच ठेव.”

भेद होता, तो कामाच्या वाटणीत. कर्ज विभागात वसुलीसाठी बाहेर हिंडावे लागते, तिजोरीच्या किल्ल्या सांभाळणाऱ्याला रात्री उशिरापर्यंत थांबावे लागते. म्हणून ही कामे आम्हां स्त्रियांना दिली जात नसत. ही आमची काळजी आहे, असेच वरिष्ठ समजत आणि आम्हीही समजत होतो. पुढे बढतीच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न येई, “कर्ज विभागाचा अनुभव किती?” जे काम कधी हाती दिले नाही, त्याच्या अनुभवाचा हिशेब आमच्याकडे मागितला जाई.

तरीही मी अभ्यास सोडला नाही. सी.ए.आय.आय.बी.ची परीक्षा मी विरार गाडीच्या महिला डब्यात, बहुधा उभ्याने वाचून दिली. १९८६ साली बढतीची यादी लागली. आमच्या शाखेतून दोन नावे होती. एक माझे आणि दुसरे माझ्या शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याचे. तो नवा असताना खतावणी कशी जुळवायची, हे मीच त्याला शिकवले होते. दोघांनाही मध्य प्रदेशात जायचे होते. दोघांनाही दोन दोन लेकरे होती.

त्याच्या घरी मुले आजी-आजोबांपाशी आणि आईपाशी राहतील, हे न बोलताच ठरले. शाखेत पेढे वाटले गेले. माझ्या घरी मी पेढ्यांचा पुडा ठेवला, तो दोन दिवस तसाच राहिला. खरे सांगते, “जाऊ नकोस” असे मला कुणीही म्हटले नाही. सासूबाई एवढेच म्हणाल्या, “धाकटीला रात्री तुझ्याविना झोप येत नाही.” सासरे म्हणाले, “लोक विचारतील, नवऱ्याचे भागत नव्हते काय?” माझे पती शिक्षक होते, समंजस आणि अबोल. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात इंग्रजीत एक मसुदा लिहून माझ्यापुढे ठेवला. घरगुती अडचणींमुळे मी ही बढती स्वेच्छेने नाकारीत आहे, असा त्याचा आशय होता. मी तो वाचला आणि सही केली.

‘स्वेच्छेने’ या शब्दावर माझी नजर तेव्हाही अडखळली होती. नकार दिलेल्याला पुढील काही वर्षे परीक्षेला बसता येत नसे. ती वर्षे सरली, तोवर सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. मी पुन्हा अर्ज केलाच नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी, मार्च १९८७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. ऑड्री डिकोस्टा या मुंबईतील मॅकिनॉन मॅकेन्झी कंपनीत स्टेनोग्राफर होत्या. पुरुष स्टेनोग्राफरांहून त्यांना कमी वेतन मिळे. महिला स्टेनोग्राफरांचा वर्गच वेगळा आहे, युनियनबरोबर तसा करार झालेला आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. १९७६ च्या समान वेतन कायद्याचा आधार घेऊन त्या लढल्या. काम सारखेच असेल तर वेतनही सारखेच हवे, कराराची वा कंपनीच्या आर्थिक स्थितीची सबब चालणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. तत्पूर्वी १९७९ मध्ये सी. बी. मुथम्मा यांनी परराष्ट्र सेवेतील विवाहित स्त्रियांविरुद्धच्या नियमांना आव्हान दिले होते. १९८१ मध्ये, पहिल्या गर्भारपणातच हवाई सुंदरीची नोकरी संपविणारा एअर इंडियाचा नियम न्यायालयाने रद्द केला होता.

दुपारच्या डब्याच्या वेळी आम्ही मैत्रिणींनी डिकोस्टाबाईंचे मनापासून कौतुक केले. मी मनाशी म्हटले, ‘आपल्या बँकेत तर असा अन्याय नाही.’ आणि ते खरेही होते. ज्याविरुद्ध न्यायालयात जावे, असे माझ्यापाशी काहीच नव्हते. नियम दोघांना सारखाच होता. मात्र तो पाळण्यासाठी पुरुषाच्या पाठीशी एक घर उभे राहत होते आणि स्त्रीच्या पाठीशी कुणी उभे राहील, असे नियमाने वा घराने धरलेच नव्हते. नियमातला भेद न्यायाधीश पुसू शकतो. ओट्यावरच्या मौनातला भेद तो कसा पुसणार?

मी निवृत्त झाले, त्या दिवशी निरोप समारंभाला तो माझा जुना सहकारीही आला होता. चढत चढत तो विभागीय व्यवस्थापक झाला होता. त्याने मनापासून भाषण केले. “मॅडमनी कधी पदाची हाव धरली नाही,” असे तो म्हणाला आणि टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत मी हात जोडून उभी होते. माझ्या वाट्याला आलेली अडचण एव्हाना माझा सद्गुण ठरली होती. अडचणीविरुद्ध तक्रार करता येते, वाचकहो. सद्गुणाविरुद्ध कशी करणार?

काळ बदलला, हे नाकारता येणार नाही. २००० साली रंजना कुमार इंडियन बँकेच्या आणि २०१३ साली अरुंधती भट्टाचार्य स्टेट बँकेच्या सर्वोच्च पदी पोहोचल्या. २०१७ पासून प्रसूतीची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. सन १९९५ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी जगातील स्त्रियांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात समान कामाला समान वेतन, नोकरी करणाऱ्या मातांना संरक्षण आणि बढतीत न्याय, या गोष्टींचा स्पष्ट उच्चार केला आहे. आपल्या घरांत मात्र त्यागावरचे प्रवचन अजूनही बहुतांशी सुनेलाच ऐकवले जाते. त्याग थोर आहे, यात शंका नाही. परंतु दुसऱ्याने मसुदा लिहावा आणि आपण खाली सही करावी, याला त्याग म्हणावे काय?

माझ्या पतींना मी दोष देत नाही. शेवटच्या आजारपणात ते एकदा म्हणाले होते, “ते पत्र मी लिहायला नको होते.” मी म्हटले, “राहू द्या आता.” आम्ही दोघे तेवढ्यावरच थांबलो. माझ्या मुलांवर माझा जीव आहे आणि त्यांच्यासोबत घालवलेल्या वर्षांचा मला पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो एवढाच, की मी माझ्या तोंडाने कधी विचारलेच नाही, “मी गेले, तर तुम्ही सारे मिळून काय काय सांभाळाल?”

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी हे सारे सर्वांसमोर सांगितले. भाचीच्या सासूबाई खाली मान घालून ऐकत होत्या. भाचीने विचारले, “मग मावशी, मी जाऊ की नको?”

“ते मी सांगणार नाही,” मी म्हणाले. “जायचे असेल तर जा, राहायचे असेल तर राहा. मात्र पत्र तुझे तू लिही. आणि लिहिण्यापूर्वी तो प्रश्न या सगळ्यांना विचार.”

काही क्षण कुणी बोलले नाही. मग तिच्या नवऱ्याने कपबशी बाजूला सारली, मुलाला मांडीवर घेतले आणि विचारले, “बालवाडीची वेळ काय असते गं त्याची?”

चार वर्षांच्या मुलाच्या बापाला ती वेळ ठाऊक नव्हती. पण त्याने ती विचारली.