मेमरी कोण अडवतंय?

गाळप हंगामात पंधरवड्याची ऊसबिलं काढायची रात्र आली, की सातारा जिल्ह्यातल्या एका कारखान्यातून आमच्या सांगलीच्या ऑफिसात फोन ठरलेला. गो भाषेत लिहिलेली आमची सेवा काट्यावरच्या वजनपावत्या गोळा करून सभासदवार बिलं काढायची. सुरुवात बरी व्हायची. पहाटेपर्यंत मात्र सर्व्हरची मेमरी भरायची आणि सेवा बंद पडायची. बिल अडकलं की सोसायटीचा हप्ता, खताची उधारी, सगळंच अडकतं. म्हणून हे काम मला फार जिव्हाळ्याचं वाटत होतं.

डेटाबेस संथ आहे, असं बहुतेकांचं मत. मोठा सर्व्हर घ्यायची बोलणीही सुरू झाली होती. मी म्हटलं, आधी मोजू या.

गोसोबतच मिळणारं पीप्रॉफ हे टर्मिनलवर चालवायचं मोजणीचं साधन. सीपीयू प्रोफाइल घेताना प्रोग्रॅम या क्षणी कोणत्या फंक्शनमध्ये आहे, याची नोंद सेकंदाला साधारण 100 वेळा होते. बिलं निघत असतानाच सांगलीतून एसएसएचने जोडणी करून 30 सेकंदांचा प्रोफाइल घेतला. वरच्या ओळींतच निकाल लागला: जवळजवळ सगळा वेळ प्रोसेसर कामात होता. डेटाबेसची वाट बघत थांबलेला वेळ सीपीयू प्रोफाइलमध्ये येतच नाही. म्हणजे डेटाबेसवरचा आळ खोटा.

'टॉप' टाइप केलं. 'फ्लॅट' रकान्यात, म्हणजे फंक्शनच्या स्वतःच्या वेळात, वरती सगळी रनटाइमची मेमरी वाटणारी फंक्शनं. त्यावरून काही हाती लागेना. 'क्यूम', म्हणजे पुढे बोलावलेल्या फंक्शनांसकटचा वेळ, त्या क्रमाने यादी लावली तेव्हा गावाचं नाव साफ करणारं आमचंच फंक्शन वर आलं. 'लिस्ट' दिल्यावर नेमकी ओळ दिसली: प्रत्येक पावतीमागे रेग्युलर एक्स्प्रेशन नव्याने कंपाइल होत होतं. ते फंक्शनबाहेर काढलं, की एकदाच होतं.

वेग आला, पण मेमरी फुगायची ती फुगतच राहिली. हीप प्रोफाइलने बोट दाखवलं काट्यावरून येणारी पावत्यांची फाइल वाचणाऱ्या ओळीकडे. आता फाइल वाचून झाली की तिचं काम संपलेलं असायचं, मग ही मेमरी सुटत का नाही? हीप प्रोफाइल मेमरी कुठे घेतली गेली ते सांगतो. ती कुणी धरून ठेवली, ते सांगत नाही. हे नीट समजून घेण्यासारखं आहे. आमच्या कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा लागेल म्हणून हाताशी ठेवलेल्या माहितीत, सभासद क्रमांक साठायचे, काट्याच्या फाइलमधल्या मजकुरातून कापलेले. गोमध्ये असा कापलेला तुकडा मूळ मजकुराचीच जागा वापरतो. तुकडा जिवंत, तोवर अख्ख्या फाइलचा मजकूर जिवंत. एका कांडीपायी सगळी मोळी अडवून ठेवावी तसं. 2022 मध्ये गोच्या 1.18 आवृत्तीत आलेलं 'स्ट्रिंग्ज डॉट क्लोन' वापरून क्रमांकाची वेगळी प्रत केली आणि तीच कॅशमध्ये ठेवली. 'बेस' पर्याय देऊन नव्या प्रोफाइलमधून जुना वजा केला, तर फाइल वाचणाऱ्या त्याच ओळीसमोर मोठी उणे संख्या आली. ती पाहून झालेला आनंद अजून आठवतो.

नवा सर्व्हर घ्यावा लागला नाही. सांगली-साताऱ्यात कारखाने, दूध संघ, बाजार समित्या यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगतो: सर्व्हरचं कोटेशन मागवण्याआधी प्रोफाइल घ्या, आणि सेवेचा प्रोफाइल ज्यावरून मिळतो तो पीप्रॉफचा पोर्ट बाहेरच्या इंटरनेटला कधीही उघडा ठेवू नका.