पावेल मेलाच नव्हता

रात्री उशिरा जे. एम. कुट्सींची 'द मास्टर ऑफ पीटर्सबर्ग' संपवली. झोप उडाली ती उडालीच. १८६९ साल. सावत्र मुलगा पावेल गेला म्हणून दस्तयेव्हस्की ड्रेस्डेनहून खोट्या नावाने पीटर्सबर्गला येतो. मुलाच्या भाड्याच्या खोलीत त्याचा पांढरा सूट हाती घेतो, त्यात तोंड खुपसतो, खोल श्वास घेतो. मुलाचा वास अजून पुसटसा उरलाय. त्या पानावर मी कितीतरी वेळ रेंगाळले.

खरं तर असं काही घडलंच नव्हतं. दस्तयेव्हस्की तेव्हा ड्रेस्डेनमध्येच होता. रशियात परतला तो १८७१ मध्ये. आणि पावेल? तो तर बापाच्या मागेही जगला.

मग कुट्सींनी त्याला का मारलं? १९८९ मध्ये त्यांचा स्वतःचा मुलगा उंचावरून पडून गेला होता. कादंबरीतला पावेलही उंचावरूनच पडतो. हे ठाऊक असताना इतिहासाशी प्रतारणा वगैरे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत. चरित्रकाराला ही मुभा नसते, नसावीच. कादंबरीकाराला असते, पण तिची किंमत मोजावी लागते. कुट्सी ती पुरेपूर मोजतात. शेवटी त्यांचा दस्तयेव्हस्की मेलेल्या मुलाच्याच वहीत लिहायला बसतो. आपण त्याचा विश्वासघात करतोय हे जाणूनही लिहितो. लेखक नावाच्या माणसाचं इतकं निर्दय आणि इतकं कळवळ्याचं चित्र मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

जरूर वाचा. मात्र आधी दस्तयेव्हस्कीची 'डेमन्स' वाचा, म्हणजे हिचं शेवटचं प्रकरण अंगावर येईल.