शेजाऱ्याचा हक्क आणि मोटरीची पेटी

जुन्नर-आंबेगावात शेतीपंपाला लाइट कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रीच्या पाळीला उसातून मोटरीपर्यंत जाणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. बिबट्या आमच्याकडे आता बातमी राहिलेला नाही. म्हणून मोबाइलवरून मोटर चालू-बंद करणारी पेटी ही इथे चैन नाही. ती मेली की कुणाला तरी बॅटरी घेऊन बांधावर उतरावंच लागतं.

अशा पेट्या माझ्याकडे दुरुस्तीला येतात. बऱ्याच एका झटक्याने गेलेल्या असतात. त्यासाठी वीज पेटीवरच पडावी लागत नाही. तारांच्या आसपास कडाडली तरी काही मायक्रोसेकंदांपुरता दाब हजारो व्होल्टवर जातो. मोटर बंद होताना कॉन्टॅक्टरची कॉइलही उलटा झटका देते, तो वेगळाच.

यावर उपाय जुने आहेत. लाइन आत येते तिथे फ्यूज आणि एमओव्ही, नाजूक चिपजवळ टीव्हीएस डायोड, कॉइलवर स्नबर, आणि अर्थिंगची तार आखूड व जाड. आयईसी ६१०००-४-५ ही सर्ज चाचणी हेच तपासते. १.२ मायक्रोसेकंदांत चढणारा आणि ५० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येणारा दाब ती मुद्दाम देते. तिच्या पातळ्या ५०० पासून ४००० व्होल्टपर्यंत आहेत. पण स्वस्तातली पेटी उघडली की बोर्डावर एमओव्हीची जागा छापलेली दिसते आणि भाग बसवलेलाच नसतो. काही रुपये वाचवलेले असतात. रात्री उसात जाणारा मात्र दुसराच असतो.

त्याच बोर्डावर आणखी एक जागा रिकामी असते, फिल्टरची. तिची तक्रार कुणीच करत नाही, कारण फिल्टर नसला तरी पेटी छान चालते. त्रास होतो तो दुसऱ्याला. ईएमसी नावाच्या परीक्षेचे दोन भाग आहेत: दुसऱ्याचा त्रास सोसायचा, आणि दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही. गिऱ्हाईक पहिल्या भागाचे पैसे देतो. दुसऱ्याचे कुणी मागत नाही, म्हणून कुणी देत नाही.

आपल्याकडे हा दुसरा म्हणजे खोडदची जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना; चौदा मध्यभागी, सोळा तीन दिशांना गावागावांच्या शिवारात पसरलेल्या. त्या साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झमधलं आकाश ऐकतात. पेटीतला स्विचिंग सप्लाय किलोहर्ट्झमध्ये चालतो, पण त्याचे कडक कोन असलेले स्पंद मेगाहर्ट्झपर्यंत कचरा सोडतात, आणि मोटरीकडे जाणारी लांब केबल त्याला अँटेना म्हणून मिळते. २०२३ च्या जानेवारीत याच दुर्बिणीच्या निरीक्षणांतून एका फार दूरच्या आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा संकेत सापडल्याचं जाहीर झालं. २१ सेंटिमीटरची लहर वाटेत ताणून ४८ सेंटिमीटरची झाली होती. इतकी क्षीण कुजबुज ऐकणाऱ्याच्या दाराशी आपण रात्रंदिवस पत्रे वाजवायचे का?

आमच्या घरात शेजाऱ्याच्या हक्काची हदीस लहानपणापासून कानावर पडते: जिब्रील त्याबद्दल इतकं बजावत राहिले की शेजारी वारसदारच ठरतो की काय, असं पैगंबरांना वाटलं. घराचा धूर, सांडपाणी, आवाज हे सगळं त्यात येतं. मला त्यात फिल्टरही येतो.

म्हणून पेटी घेताना दुकानदाराला झाकण उघडायला लावा. बोर्डावरच्या रिकाम्या जागा मोजा. आणि रिपोर्ट मागाल तेव्हा दोन्ही मागा, सर्जचा आणि उत्सर्जनाचा. पहिला तुमच्या मोटरीसाठी, दुसरा खोडदसाठी.