आजाराचं नाव सांगायला हवं

विट्यात दवाखाना चालवताना माझं मत ठाम होतं: स्मृतिभ्रंशाचं निदान करून म्हाताऱ्या माणसावर शिक्का कशाला मारायचा? बरं करणारं औषध नाही. डोनेपेझिलनं काहींना थोडा आधार मिळतो, आजार थांबत नाही. ‘वयानं होतंच’ म्हटलं की घरचे निवांत होतात. मला त्यात दया दिसायची.

हे मत बदललं ते गलाईवाल्यांच्या घरांमुळे. आमच्या खानापूर-आटपाडीची माणसं गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, देशभर पांगली. गावी आईवडील राहिले. मुलगा रोज फोन करतो. आई विचारते, ‘जेवलास का? पोरं बरी हायती न्हवं?’ ही वाक्यं जिभेवर इतकी रुळलेली की आजार बराच पुढे गेला तरी टिकतात. यात्रेला घरी आल्यावर मुलाला कळतं की साखरेची गोळी एकदा घेतली तरी पुन्हा घेतली जाते, भाकरी तव्यावर करपते, भलत्याच कागदावर अंगठा उठलाय. तोवर घरी राहिलेल्या धाकट्या सुनेवर डोरलं चोरल्याचा आळ आलेला असतो. असा संशय हे या आजाराचं नेहमीचं लक्षण. ते वेळेत कुणी सांगितलं असतं, तर त्या पोरीला वर्षभर मान खाली घालून वावरावं लागलं नसतं. तिला गोळीची नव्हे, आजाराच्या नावाची गरज होती.

शिवाय ‘वय’ म्हणून सोडून दिलं की थायरॉइड, बी-१२ची कमतरता, नैराश्य, पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त, यातलं काहीच तपासलं जात नाही. यांवर उपाय आहेत.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे. एवढ्यांना मेंदूविकारतज्ज्ञ कुठून पुरणार? पहिलं दार आमचंच.

सरसकट सगळ्या वृद्धांची चाचणी घ्यावी, असं मात्र मी आजही म्हणत नाही. आशा सेविका भरून घेतात त्या तपासणी-अर्जात साठीपुढच्यांना जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का, असं विचारतात. पण आजार तिथवर पोचेपर्यंत बहुतेकांच्या बाबतीत फार उशीर झालेला असतो. मी घरच्यांना विचारतो: गेल्या वर्षी जमत होतं आणि आता जमत नाही, असं काय आहे?

परगावी असलेल्या मुलांनो, आईला फोनवर नुसतं ‘बरी आहेस ना’ विचारू नका. काल कोण आलं होतं, दुधाचे पैसे किती दिले, हे विचारा. उत्तरं वारंवार चुकू लागली, तर तिला दवाखान्यात आणा, आणि रोज तिच्याजवळ असणारं माणूसही सोबत आणा.