इराद्याचा नागरिक : जो गेटजेन्सची कहाणी

१/ १९५० ची फुटबॉल विश्वचषक स्पर्धा भारतीय वाचकाला आठवते ती आपल्या गैरहजेरीमुळे. पात्रता गटातील इतर संघांनी माघार घेतल्याने भारताला प्रवेश मिळाला होता. तरीही आपला संघ ब्राझीलला गेला नाही. त्याच स्पर्धेत अमेरिकेकडून खेळलेला एक तरुण अमेरिकेचा नागरिक नव्हता. त्याच्या एका गोलाने इंग्लंड हरले. चौदा वर्षांनी तो स्वतःच्या मायदेशातून नाहीसा झाला. हा धागा त्याच्याविषयी.

२/ जोसेफ एदुआर गेटजेन्सचा जन्म १९ मार्च १९२४ रोजी हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स येथे झाला. आडनाव जर्मन, कारण पूर्वज ब्रेमेनचे. घराणे सुस्थितीतले, शहरात मान असलेले. लहान वयातच तो ‘एत्वाल हाइतिएन’ या क्लबकडून खेळू लागला. पण त्या काळी हैतीत फुटबॉलवर चरितार्थ चालणे अशक्य होते. म्हणून १९४७ मध्ये सरकारी शिष्यवृत्ती घेऊन तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लेखाशास्त्र शिकायला गेला.

३/ परक्या शहरात खर्च भागवण्यासाठी तो एका उपाहारगृहात भांडी घासू लागला. उपाहारगृहाचा मालक ‘ब्रुकहॅटन’ या फुटबॉल क्लबचाही मालक होता. गेटजेन्स त्या क्लबकडून अमेरिकन सॉकर लीगमध्ये खेळू लागला आणि १९४९-५० च्या हंगामात लीगमधील सर्वाधिक गोल त्याच्या नावावर जमा झाले. विश्वचषकासाठी संघ निवडणाऱ्यांची नजर त्याच्याकडे वळली, ती यामुळेच.

४/ येथे प्रश्न उभा राहतो तो नागरिकत्वाचा. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाचा त्या वेळचा नियम सैल होता : नागरिकत्व घेण्याचा इरादा जाहीर केलेल्या खेळाडूलाही राष्ट्रीय संघात घेता येई. इंग्लंडविरुद्ध उतरलेल्या अकरा जणांत असे तिघे होते. हैतीचा गेटजेन्स, बेल्जियमचा जो माका आणि स्कॉटलंडचा एड मॅकिल्व्हेनी. त्या दिवशी संघाचे नेतृत्वही मॅकिल्व्हेनीकडेच होते.

५/ उरलेला संघही पूर्णवेळ व्यावसायिकांचा नव्हता. वॉल्टर बार शाळेत शिक्षक होता. गोलरक्षक फ्रँक बोर्गी अंत्यसंस्कारांच्या घरच्या व्यवसायात शववाहिका चालवत असे. समोर होते इंग्लंड : विश्वचषकात प्रथमच उतरलेले, आणि या खेळाचे जनकत्व आपलेच आहे याची पुरेपूर जाणीव असलेले. अमेरिकेने स्पेनविरुद्धचा पहिला सामना १-३ असा गमावला होता. इंग्लंडने चिलीला २-० ने नमवले होते. स्टॅन्ली मॅथ्यूजसारख्या खेळाडूला या सामन्यात उतरवण्याची गरजही इंग्लंडला वाटली नाही.

६/ २९ जून १९५०, बेलो होरिझोन्ते. मैदानावर सुमारे दहा हजार प्रेक्षक. इंग्लंडचे हल्ले सतत सुरू होते आणि बोर्गी ते परतवत होता. ३८ व्या मिनिटाला बारने दुरून फटका मारला. इंग्लंडचा गोलरक्षक बर्ट विल्यम्स चेंडूच्या दिशेने सरकला, तेवढ्यात गेटजेन्सने पुढे झेप घेऊन चेंडूला डोके लावले. चेंडूची दिशा बदलली आणि तो जाळ्यात गेला. उर्वरित वेळेत इंग्लंडला बरोबरी साधता आली नाही. अमेरिका १, इंग्लंड ०.

७/ तो गोल कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद पुढे अनेक वर्षे चालला. ब्राझीलच्या प्रेक्षकांना त्याच्याशी कर्तव्य नव्हते. त्यांनी मैदानात धाव घेऊन गेटजेन्सला खांद्यावर उचलले. ते छायाचित्र आजही पाहायला मिळते : लोकांच्या डोक्यांवर एक हसरा तरुण, अंगात अमेरिकेचा पोशाख. अमेरिकेत मात्र या विजयाची फारशी दखलही घेतली गेली नाही.

८/ पुढच्या सामन्यात चिलीने अमेरिकेला ५-२ असे हरवले आणि संघ घरी परतला. परदेशी खेळाडूंच्या पात्रतेवर आक्षेप आले तेव्हा फिफाने चौकशी केली आणि अमेरिकेने नियमभंग केलेला नाही असा निर्वाळा दिला. गेटजेन्स मात्र अमेरिकेकडून पुन्हा कधीच खेळला नाही. तीन सामने, एक गोल. जाहीर केलेला इरादाही कागदावरच राहिला. नागरिकत्व त्याने घेतले नाही.

९/ तो फ्रान्सला गेला. रेसिंग क्लब द पॅरिस आणि मग आलेस या क्लबांकडून खेळला. त्यानंतर मायदेशी परतला आणि डिसेंबर १९५३ मध्ये विश्वचषक पात्रता फेरीत मेक्सिकोविरुद्ध हैतीच्या संघातून उतरला. एका विश्वचषकात अमेरिका आणि पुढच्याच्या पात्रतेसाठी हैती, हे त्या काळी शक्य होते. पुढे त्याने लग्न केले, त्याला मुले झाली आणि पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये त्याने ड्रायक्लीनिंगचे दुकान चालवले.

१०/ १९५७ मध्ये हैतीत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. गेटजेन्स घराण्याचा पाठिंबा लुई देज्वा यांना होता. जिंकले फ्रान्स्वा दुव्हालिए. त्यांची ‘टोंटों माकूत’ ही सशस्त्र टोळी विरोधकांचा काटा काढत असे. गेटजेन्सचे भाऊ शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये दुव्हालिएविरोधी निर्वासितांच्या गटाशी जोडले गेले. जून १९६४ मध्ये दुव्हालिए यांनी स्वतःला तहहयात राष्ट्राध्यक्ष करून घेतले. धोका ओळखून कुटुंबातील अनेकांनी देश सोडला.

११/ गेटजेन्स थांबला. राजकारणाशी त्याचा संबंध नव्हता. शहर त्याला खेळाडू म्हणून ओळखत होते, आणि खेळाडूशी कोणाचे वैर असणार? ८ जुलै १९६४ रोजी सकाळी माकूतांनी त्याला दुकानापाशी गाठून पकडून नेले. त्यानंतर घरच्यांना तो पुन्हा दिसला नाही. फोर्ट दिमांश या कुप्रसिद्ध तुरुंगात त्याला ठार मारण्यात आले, असे मानले जाते. मृतदेह मिळाला नाही. तेव्हा तो ४० वर्षांचा होता.

१२/ खेळाडूच्या निष्ठेचा प्रश्न आपण बहुधा पोशाखावरून सोडवतो : ज्याचा पोशाख, त्याचा माणूस. गेटजेन्सच्या बाबतीत हे गणित दोन्हीकडे चुकते. अमेरिकेला त्याच्याकडून हवा होता केवळ इरादा; तो मिळताच पोशाख मिळाला, आणि स्पर्धा संपताच दोघांचे देणेघेणे संपले. हैतीला इराद्याची गरजच नव्हती. तेथे तो जन्माने नागरिक होता. पण संकटाच्या दिवशी सरकारने पाहिले ते त्याचे आडनाव, त्याचा खेळ नव्हे.

१३/ त्या कागदाची पुढची पायरी तो चढला असता, तर १९६४ मध्ये त्याच्यासाठी कोणी जाब विचारला असता का? याचे उत्तर इतिहास देत नाही. परंतु नागरिकत्व म्हणजे पोशाख नव्हे, तर आपण बेपत्ता झाल्यावर आपली चौकशी करण्यास कोणी बांधील असणे, हे त्याच्या आयुष्याकडे पाहिले की स्पष्ट होते. त्या अर्थाने त्याला देश मिळालाच नाही. दत्तकही नाही आणि जन्माचाही नाही.

१४/ १९७६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सॉकर हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. १९५० नंतर अमेरिकेचा संघ विश्वचषकात उतरला तो थेट १९९० मध्ये. ती चाळीस वर्षे त्या देशाच्या फुटबॉलजवळ सांगण्यासारखी गोष्ट होती ती मुख्यतः बेलो होरिझोन्तेची. ती गोष्ट सांगताना गोल करणाऱ्याचे नाव घेतले जाते. त्याचे पुढे काय झाले, हेही सोबत सांगितले जावे, एवढ्यासाठी हा धागा.

(समाप्त)