काटा अडतो तेव्हा



यंदाच्या उपवासकाळात आणि ईस्टरनंतरच्या आठवड्यांत आम्हांला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न प्रार्थनेबद्दल नव्हता, प्रायश्चित्त संस्काराबद्दलही नव्हता. तो वजनाच्या काट्याबद्दल होता. "साखर बंद केली, भात निम्मा केला, रोज चालतोय, तरी काटा हलत नाही बघा. आता काय करायचं?"

आम्ही म्हणजे सकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात फेऱ्या मारणारे नऊ-दहा जण. कोणी धर्मशिक्षण शिकवतो, कोणी गायनमंडळात आहे, दोघी शाळेतून निवृत्त झालेल्या. राखेच्या बुधवारनंतरच्या सोमवारी सुरुवात केली. बहुतेकांना साखरेचा नाहीतर रक्तदाबाचा त्रास, आणि डॉक्टरांनी सर्वांना एकच गोष्ट सांगितलेली: वजन उतरवा. बेळगावात राहून कुंदा सोडणे हे काही लहान प्रायश्चित्त नव्हे, पण सोडला. पहिल्या तीन आठवड्यांत कोणाचे दोन किलो उतरले, कोणाचे तीन. हॉलमधल्या काट्यापाशी हसणे-खिदळणे चाले. चौथ्या आठवड्यात काटा अडला. पाचव्यात तिथेच. सहाव्यात एकाचा अर्धा किलो वर गेला आणि त्या सकाळी चहाला कोणी थांबले नाही.

इथे थोडे शरीराचे गणित सांगायला हवे, कारण निम्मी निराशा ते माहीत नसल्यामुळे येते. आपण खाणे कमी केले की शरीर आधी यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर वापरते. ही साखर पाण्यासकट साठवलेली असते, एका ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी. म्हणजे पहिल्या पंधरवड्यात जे भराभर उतरते त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. चरबी त्यामानाने सावकाश जाते. पुढे दुसरी गोष्ट घडते. ऐंशी किलोचे शरीर चालवायला जेवढे अन्न लागते तेवढे पंचाहत्तर किलोच्या शरीराला लागत नाही. त्यामुळे सुरुवातीला जे खाणे 'कमी' होते, तेच काही दिवसांनी 'बरोबर पुरते' होऊन बसते. शिवाय शरीर आपल्या नकळत काटकसर करू लागते. माणूस कमी उठतो-बसतो, जिना टाळतो, दुपारी जरा जास्त पडतो. त्यात रोजच्या मीठ-पाण्याने काटा किलो-दीड किलो सहज खालीवर होतो. रात्री लोणचे-पापड झाले की सकाळी वजन वाढलेच म्हणून समजा; ती चरबी नसते.

ही काटकसर किती खोलवर जाते हे नीट पाहिले गेले ते दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात. आम्ही हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण ही गोष्ट ख्रिस्ती लोकांची आहे आणि आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. युरोपात लाखो लोक उपाशी होते. युद्ध संपल्यावर त्यांना पुन्हा अन्नावर कसे आणायचे, याचे नेमके ज्ञान डॉक्टरांकडे नव्हते. अँसेल कीज या शास्त्रज्ञाने स्वेच्छेने उपाशी राहणारे तरुण मागितले. जे ३६ जण निवडले गेले ते सारे सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले होते. त्यांच्यातले बरेचसे क्वेकर, ब्रेदरन, मेनोनाइट अशा शांतिवादी मंडळ्यांमधले. रणांगणावर जाणार नाही म्हणून लोकांनी हिणवलेले हे तरुण दुसऱ्यांसाठी आपले शरीर द्यायला पुढे आले.

१९४५ साली २४ आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवले गेले. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. दिवसाला साधारण १,५७० कॅलरी, म्हणजे आधीच्या निम्म्याच्या आसपास. त्यावर आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालणे. त्यांचे वजन जवळपास चौथ्या हिश्श्याने उतरले. पण शरीराने आपले दिवे एकेक करून मालवत आणले. विसाव्याच्या वेळी जाळायची ऊर्जा सुमारे ४० टक्क्यांनी घटली, नाडी मंदावली, उन्हाळ्यात थंडी वाजू लागली. पायांवर सूज आली. आत मांस झिजत असताना वर पाणी साचत होते, आणि ते पाणी काट्यावर वजन म्हणूनच मोजले जात होते. पाककृतींची पुस्तके ते तासन्‌तास वाचत बसत, ताट चाटून पुसून खात, जिवलग मित्रांवर चिडत. त्यांच्या अनुभवावरून मदतकार्य करणाऱ्यांसाठी एक छोटी पुस्तिका १९४६ मध्ये निघाली आणि पुढे १९५० मध्ये कीजचा दोन खंडांचा मोठा ग्रंथ आला.

आमचे अर्धी भाकरी कमी करणे कुठे आणि त्यांची उपासमार कुठे, हे आम्हांला कळते. पण शरीराचा स्वभाव तोच. दुष्काळ आलाय असे वाटताच ते जे आहे ते धरून ठेवते. आपल्या आज्या-पणज्या दुष्काळांतून जगल्या त्या शरीराच्या या हट्टामुळेच. ज्याने आपल्याला घडवले त्याने ही तजवीज करून ठेवली आहे. तेव्हा काटा अडला म्हणजे शरीर आपल्याशी वैर करतेय असे नाही, ते आपले काम करतेय.

हे डोक्याला पटते, मनाला पटत नाही. आमच्यातले एक मामा काट्यावरून उतरताना म्हणाले, "भिंतीवरचे लिखाण दिसले." दानिएलाच्या पुस्तकातली बेलशस्सर राजाच्या मेजवानीची गोष्ट सर्वांना आठवली. भिंतीवर उमटलेल्या शब्दांत एक 'तकेल', म्हणजे तुला तागडीत तोलले आणि तू उणा भरलास. मावशी पटकन म्हणाल्या, "मामा, उणे भरलो असतो तर पेढे वाटले असते! आपण जास्तच भरतोय." सगळे हसले. पण मामांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी होती. आपण त्या आकड्याला निवाडा मानतो. आठवडाभर केलेला संयम, पहाटेचे उठणे, दुसऱ्याच्या ताटात वाढलेला कुंदा पाहून हसत बसणे, हे सगळे तो आकडा एका क्षणात पुसून टाकतो. बेलशस्सराला तोलले गेले ते मंदिरातल्या पवित्र पात्रांतून दारू पिऊन केलेल्या उन्मत्तपणाबद्दल. त्याच्या कमरेच्या घेराशी देवाला काही देणेघेणे नव्हते. काट्याला बाथरूममधून उचलून वेदीवर नेऊन ठेवायचे काम आपले आपणच करतो.

आणि त्यातून काय होऊ शकते ते आम्ही पाहिले. आमच्यातल्या एक अक्का, वय ६२, बरीच वर्षे मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या. काटा अडला तेव्हा त्यांनी कोणाला न सांगता रात्रीचे जेवण बंद केले. मग सकाळची न्याहारीही. गोळ्या मात्र वेळच्या वेळी. कोणी विचारले तर म्हणायच्या, "उपवासकाळ आहे ना." एका शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाच्या वाटेच्या वेळी, नवव्या स्थानापाशी त्या बाकावर बसल्या. हात थरथरत होते, घामाने पोलके भिजले होते आणि बोलणे असंबद्ध. काहींना वाटले, भक्तीने भरून आले असेल. सुदैवाने निवृत्त बाईंपैकी एकीच्या घरी मधुमेहाचा रुग्ण होता. तिने ओळखले, तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटे हात धरून बसली, मग बिस्किटे दिली. अक्का सावरल्या. साखर उतरणे म्हणतात ते हे. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना परस्पर जेवण बंद केले तर माणूस बेशुद्ध होऊ शकतो, जिवावरही बेतू शकते. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.

फादरांना कळले तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी अक्कांना एवढेच विचारले की हा उपवास तुम्हांला सांगितला कोणी? ख्रिस्तसभेच्या नियमाने सक्तीचे उपवासाचे दिवस वर्षात दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. तेही १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंतच्या लोकांना, आणि त्या दिवशीही एक पूर्ण जेवण असतेच. आजारी माणसाला बंधन नाही. अक्कांचे वयही पुढे गेलेले. मग फादरांनी एलीयाची गोष्ट काढली. थकून, मरण मागत झाडाखाली झोपलेल्या संदेष्ट्याकडे देवदूत आला तो उपदेश घेऊन आला नाही, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई घेऊन आला. एकदा खाऊन एलीया परत झोपला, तर देवदूताने दुसऱ्यांदा उठवून खाऊ घातले, कारण पुढची वाट लांबची होती. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा १९ वा अध्याय, घरी जाऊन वाचा म्हणाले. अक्कांनी वाचला आणि दुसऱ्या दिवशी आम्हांला म्हणाल्या, "देवदूतानं दोनदा जेवायला घातलं की हो!"

उपवास आणि डाएट यांची गाठ मारली की दोन्ही बिघडतात, असे आम्हांला तेव्हापासून वाटते. उपवासात आपण देवासाठी आणि भुकेल्या शेजाऱ्यासाठी ताट सोडतो. त्याचा हिशेब किलोत होत नाही. मिनेसोटाचे ते तरुण उपाशी राहिले ते कोणाला तरी जेवता यावे म्हणून. डाएट आपण औषधासारखे करतो. तेही चांगलेच आहे, शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे असे पौल लिहितो आणि मंदिराची डागडुजी करावीच लागते. पण औषधाचा डोस आपल्या मनाने वाढवत नाहीत.

मग काटा अडला असताना चालायचे कशासाठी? याचे उत्तर आम्हांला भारतातल्याच एका अभ्यासात सापडले. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांना सुमारे तीन वर्षे पाहिले. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना नुसता नेहमीचा सल्ला दिला होता त्यांच्यातल्या ५५ टक्क्यांना तोवर मधुमेह झाला. ज्यांना रोज निदान अर्धा तास चालायला लावले, साखर-तेल-भात आवरायला शिकवले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. आणि यातली खरी गंमत अशी की या दुसऱ्या गटाचे सरासरी वजन फारसे उतरलेच नव्हते! काटा जिथे होता तिथेच. स्नायू रक्तातली साखर अधिक चांगली वापरू लागले होते, आणि ते काट्याला दिसत नाही.

हे ऐकून मामांनी दुसऱ्याच आठवड्यात तीन महिन्यांची साखर दाखवणारी तपासणी करून घेतली. आकडा आम्ही इथे लिहीत नाही, तो त्यांचा खासगी. पण चहाला ते पुन्हा थांबू लागले आहेत.

काटा आम्ही टाकून दिला नाही. तो आता आठवड्यातून एकदाच, शनिवारी सकाळी, न्याहारीच्या आधी. सोबत शिंप्याची टेप ठेवली आहे. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषांची ९० च्या आत असावी असे आपल्याकडचे डॉक्टर सांगतात. दोघांची टेप दोन बोटे आत आली, काटा तिथेच असताना. काहींनी हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या धरून व्यायाम सुरू केला आहे, स्नायू टिकावेत म्हणून. वाढणे मोजून करायचे ठरले आहे, कारण जोंधळ्याची एक भाकरी म्हणता म्हणता तिचा व्यास किती वाढतो ते भाकरी थापणारीलाच ठाऊक. आणि रात्री अकरापर्यंत मोबाईल बघत बसणाऱ्यांना झोपायला सांगितले आहे. अपुऱ्या झोपेने भूक वाढते. एलीयाही दोनदा झोपला होता.

अक्का डॉक्टरांकडे जाऊन आल्या. गोळ्यांची वेळ बदलली, सकाळी चालण्याआधी अर्धी भाकरी खायला सांगितली. त्यांच्या पर्समध्ये जपमाळेशेजारी आता साखरेची पुडी असते. वजन विचाराल तर गेल्या शनिवारीही तेवढेच भरले.

जूनमध्ये पाऊस लागला की आवारात चालणे जमायचे नाही. मग शाळेच्या खालच्या व्हरांड्यात चालायचे ठरले आहे. मुख्याध्यापक सिस्टरांनी परवानगी दिली आहे, फक्त आठच्या आत आटपायचे. ज्यांना यायचे असेल त्यांनी सकाळच्या मिस्सानंतर थांबावे. चप्पल नको, बूट घाला, फरशी ओली असते. साखरेच्या गोळ्या चालू असतील त्यांनी आधी अक्कांना भेटावे. पहिली चौकशी त्या करतात: "खाऊन आलात का?"